चेंबर रीमर बोथट झाला: दगडावर परजायचा की ग्राइंडिंगला पाठवायचा?

चेंबर रीमर म्हणजे बंदुकीच्या बॅरलमध्ये काडतूस बसायची जागा (चेंबर) कापणारं हत्यार. तो बोथट झाला की अमेरिकेतल्या बंदूक-कारागिरांपुढे हे दोन पर्याय असतात. धार नुसती मंदावली असेल, तर हाताने परजणंच मला योग्य वाटतं. रीमरवर लांब खाचा असतात, त्यांच्या कडेला धार असते; त्यांना फ्लूट म्हणतात. बारीक, कठीण दगड फ्लूटच्या पुढच्या सपाट अंगावर पूर्ण टेकवून हलक्या हाताने फिरवायचा. प्रत्येक फ्लूटला सारखेच हात. धारेमागच्या उतरत्या अंगाला मात्र दगड लावूच नका! रीमरचं माप तिथे ठरतं. ते अंग घासलं की व्यास झपाट्याने घटतो, चेंबर अरुंद कापलं जातं आणि काडतूस अडकतं. रीमर हाय स्पीड स्टीलचा (हत्यारांच्या पोलादाचा) असेल तर ऑइलस्टोन, म्हणजे तेल लावून वापरायचा दगड, चालतो; त्याहून कठीण अशा कार्बाइडच्या रीमरला हिऱ्याचंच साधन लागतं.

धारेचा टवका उडाला असेल, तर रीमर बनवणाऱ्याकडेच पाठवावा. पैसे जातात, वाट पाहावी लागते, पण सगळे फ्लूट सारखे कापू लागतात. पुढचं अंग ग्राइंड केल्यानेही व्यास किंचित कमी होतोच. म्हणून रीमर आधीच किमान मापाला टेकलेला असेल, तर नवाच घ्या. परत आलेल्या रीमरने आधी टाकाऊ बॅरलच्या तुकड्यात चेंबर कापून ते मोजा, मगच गिऱ्हाइकाच्या बॅरलला हात लावा.