गेज वाढला की भारी, असं मला सांगितलं

चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरावर मंगलोरी कौलं होती. वानरांनी फोडायची, आम्ही दर मे महिन्यात बदलायची, असं चाललेलं. आईच्याने ते होईना म्हणून यंदा लोखंडी सांगाडा करून पत्रा टाकायचं ठरवलं.

ठेकेदार ओळखीतून आलेला, बोलायला गोड. म्हणाला, "शेजारी 14 गेजचा पाइप टाकलाय. तुम्हाला 16 टाकतो, जरा भारीतला." त्याचे पैसेही जास्त लावले. गेज म्हणजे जाडीचा नंबर, 16 हा 14 पेक्षा मोठा, म्हणून मी मान डोलावली आणि कोटेशनवर सही केली.

उरलेला पाइपचा तुकडा गेटसाठी एका फॅब्रिकेटरकडे नेला, तेव्हा कळलं. त्यांनी कापलेल्या कडेला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावलं: 1.6 मिलिमीटर. "दादा, गेजचा नंबर वाढला की जाडी कमी होते. 14 म्हणजे 2 मिलिमीटर." मी तिथेच स्टुलावर बसलो. पत्र्याचा तुकडाही पिशवीत होता. तोंडी ठरलेला पॉइंट पन्नास मिलिमीटर, निघाला रंगासकट पॉइंट पस्तीस. कोटेशनवर नुसतं 'कलर पत्रा' लिहिलेलं.

मापातही तेच. छप्पर 14 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट), बिल 15 ब्रासचं. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी एकावर एक चढवल्यावर जेमतेम सव्वातीन फूट झाकतो. आमच्याकडून चढवलेल्या भागाचेही पैसे घेतले.

ठेकेदाराला जाब विचारला तर त्याने माझ्याच सहीचा कागद पुढे केला. 16 गेज लिहिलंय, 16 गेजच दिलाय. यावर मी काय बोलणार? संताप येतो तो याचाच. जूनच्या पहिल्या वाऱ्यात पत्रा रात्रभर थडथडत होता आणि आई जागी बसून होती. शेवटी मधे जादा पाइप मारून घेतले, तो खर्च वेगळा.

काम काढणार असाल तर कागदावर गेज लिहू देऊ नका, पाइप आणि पत्रा दोन्हींची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. ब्रास छपरावर टेप धरून मोजायचे, पत्रे मोजून नाही, हेही त्यातच लिहा. माल टेम्पोतून उतरायच्या आधी एक पाइप काट्यावर ठेवा. दोन बाय दोन इंचाचा वीस फुटी पाइप 2 मिलिमीटरचा असेल तर साधारण 18 किलो भरतो, 1.6 चा साडेचौदाच्या आसपास. वजन कमी भरलं तर टेम्पो तसाच परत पाठवा.