कुलाबा किल्ला, अलिबाग: तिथी पाहून जा आणि पायी जा

अलिबागच्या पुळणीवरून समोरच दिसणारा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. बहुतेक लोक मात्र शनिवार-रविवार पाहून येतात, घोडागाडीने जातात, देवळात हात जोडून अर्ध्या तासात परततात. एवढ्या घाईत हा किल्ला कळत नाही. त्याला किमान दोन तास द्यावेत.

सगळं भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण ती भांगाची, म्हणजे कमजोर. पाणी कमी हटतं आणि वाटेत पुष्कळदा गुडघाभर राहतं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणून द्वितीया ते चतुर्थी सगळ्यात उत्तम: पाणी चांगलं ओसरतं आणि वेळही सकाळची मिळते. निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहून खात्री करावी. ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यात उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. भरती सुरुवातीला संथ चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने. सखल जागा आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. पावसाळ्यात चालत जाणं टाळाच.

पायांत पट्ट्याच्या सँडल हव्यात. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार तळव्याला कापते. शेवाळावर स्लिपर टिकत नाही. खळग्यांतले खेकडे आणि हिवाळ्यात चिखलात टिपत फिरणारे तुतवार, चिखल्या हे पक्षी पाहायचे तर पायीच चालायला हवं.

तिकीट २५ रुपये. महादरवाजावरचं कोरीवकाम पाहून लगेच आत शिरू नका. आधी तटाच्या पायथ्याशी थांबा, किल्ल्याची खरी करामत तिथे आहे. मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालेलं हे बांधकाम आजही लाटा झेलतंय. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गणेश पंचायतनासह, म्हणजे गणपती आणि सोबत चार देवता. त्याच्यासमोरची पुष्करणी (दगडी तळं) आणि गोड्या पाण्याची विहीर नीट पाहा, कारण चहूबाजूंनी खारं पाणी असताना इथे शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, राहू शकली ती या पाण्याच्या बळावर. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्या पाहून बरेच जण आंग्र्यांच्या म्हणतात, पण त्यांच्यावर १८४९ साल आणि इंग्लंडच्या कारखान्याचं नाव आहे. आंग्र्यांचं संस्थान त्याआधीच खालसा झालं होतं.

उत्तरेला लागूनच सर्जेकोट आहे. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही, तुम्ही मात्र चुकवू नका. मुख्य किल्ल्याकडे याच बाजूने मारा होण्याचा धोका होता. तो टळावा म्हणून हा छोटा कोट उभारला, हे तिथून मागे वळून पाहिलं की लगेच उमगतं.

घोडागाडी वृद्धांसाठी ठीक. जाऊन-येऊन भाडं आणि तिथे थांबायचा वेळ दोन्ही आधीच ठरवून घ्या, नाहीतर गाडीवाला लवकर निघायची घाई करतो. किल्ल्यात सावली कमी आहे, म्हणून माणशी एक लिटर पाणी आणि टोपी न्या. रिकाम्या बाटल्या परत आणा. तटाच्या फटींत कोंबलेलं प्लास्टिक पाहून जीव तुटतो.