दोन्ही टोकांना 09 : जतच्या माळावरील राखणदारीचा अनुभव

जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका माळावर मी आणि माझी पत्नी ऑगस्ट 2022 ते एप्रिल 2023 असे नऊ महिने एका खासगी धावपट्टीचे राखणदार म्हणून राहिलो. या काळात तेथे एकही विमान उतरले नाही, आणि कधी उतरणारही नव्हते, हे मला फार उशिरा समजले. प्रकरण पोलिसांकडे आणि कामगार कार्यालयाकडे असल्यामुळे गावाचे, कंपनीचे व संबंधित माणसांचे नाव मी लिहीत नाही. परंतु ज्या रीतीने हे घडले ती रीत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण निवृत्तीनंतर चार पैसे आणि राहायला जागा शोधणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाच अशा कामासाठी हेरले जाते.

मी कवठेमहांकाळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत लिपिक होतो. शाळा शंभर टक्के अनुदानावर आली ती 1 नोव्हेंबर 2005 नंतर, त्यामुळे जुनी पेन्शन मला लागू झाली नाही, आणि मे 2021 मध्ये निवृत्त होताना हाती आलेली रक्कम मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यात गेली. पुढच्या वर्षी एका नातेवाइकाच्या ओळखीने सांगलीतील एका मध्यस्थाकडे गेलो. भाड्याच्या गाळ्यात वातानुकूलित यंत्र, भिंतीवर विमानाचे मोठे छायाचित्र आणि टेबलावर तिरंगा अशी मांडणी होती. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात ‘भाऊसाहेब’ म्हटले. तीस वर्षे शाळेत हीच हाक ऐकलेली असल्यामुळे मी तेथेच निम्मा विरघळलो, हे आज मान्य करतो.

त्यांचे बोलणे खोटे वाटावे असे नव्हते. कवलापूरच्या विमानतळाची चर्चा सांगलीकर वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. कऱ्हाडजवळची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळापासून आहे. 2016 मध्ये केंद्राने ‘उडान’ योजना आणल्यापासून लहान गावांतही विमान येणार अशी भाषा सर्वत्र आहे. या खऱ्या गोष्टींच्या ओळीत त्यांनी आपली एक गोष्ट बसवली: जतच्या माळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत असून धावपट्टी तयार आहे, फक्त विश्वासू जोडपे हवे आहे. मला दरमहा 16,000 रुपये, पत्नीला प्रशिक्षणार्थींच्या स्वयंपाकासाठी 6,000 रुपये, राहण्यास दोन खोल्या, पाणी, वीज आणि गॅस मोफत.

त्यासाठी ‘विमानतळ प्रवेशपत्र आणि सुरक्षा पडताळणी’ या नावाखाली 40,000 रुपये अनामत घेण्यात आली. जनरेटर आणि सामानाच्या जबाबदारीपोटी सही केलेला कोरा धनादेश घेतला, आणि त्या वेळी चालणाऱ्या 100 रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला, ज्याची प्रत ‘नोटरी होऊन येईल’ असे सांगून मला कधीच दिली नाही. शाळेत कोणाच्याही अर्जाची पोच दिल्याशिवाय मी कागद ठेवून घेत नसे. येथे मात्र स्वतःच्या 40,000 रुपयांची पावतीही मागितली नाही. विमानतळांची प्रवेशपत्रे नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरो देतो, ती मध्यस्थाच्या गाळ्यात अनामत भरून मिळत नाहीत, आणि ज्या धावपट्टीला परवानाच नाही तिच्यासाठी असे पत्र निघण्याचा प्रश्नच नव्हता, हे मला नंतर वकिलांनी सांगितले. चारित्र्य पडताळणीसाठी माणूस स्वतः पोलिसांकडे अर्ज करू शकतो, हे तर मला आधीपासून माहीत होते. माहीत असूनही विचारले नाही.

जागेवर पोहोचलो तेव्हा दोन खोल्यांऐवजी पत्र्याचा एक डबा होता, ज्याला ते ‘साइट ऑफिस’ म्हणत. वीज नव्हती, जनरेटर होता, परंतु डिझेल केवळ पाहुणे येणार असतील त्या दिवसापुरते मिळे. पाणी आठवड्यातून एकदा टँकरने प्लास्टिकच्या टाकीत येई, तेही टँकरवाल्याची उधारी थकली की बंद होई. सर्वांत जवळचे किराणा दुकान साडेचार किलोमीटरवर, आणि मोबाइलला रेंज फक्त मातीच्या ढिगावर उभे राहिल्यावर. जतच्या बाजूला पाऊस कमी असला तरी पावसाळी वारा असा असतो की पत्रा रात्रभर वाजत राहतो. पहिल्या महिन्यात डब्याच्या पायरीखाली घोणस निघाली. त्यानंतर पत्नी अंधार पडल्यावर एकटी बाहेर पडली नाही.

कामाची वेळ करारात आठ तास लिहिली होती. जो माणूस कामाच्या जागीच राहतो त्याला आठ तास कधी संपले हे कोण सांगणार? पहाटे उठून धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मुरमातून वर आलेले खडे वेचणे, चुन्याच्या रेषा पुन्हा ओढणे, बाभळीची रोपे उपटणे, कुत्री हाकलणे आणि मेंढरांना धावपट्टी ओलांडू न देणे हे दिवसाचे काम. रात्री दर दोन तासांनी शिट्टी वाजवून फेरी. खडे वेचण्यामागचे कारण खरे आहे, खऱ्या धावपट्टीवरही सुटा दगड पंख्यात किंवा इंजिनात जाऊन नुकसान करू शकतो म्हणून रोज पाहणी केली जाते. त्यामुळे मला हे काम कधी हलके वाटले नाही. तेथून पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे नेणारा एक म्हातारा धनगर मात्र मला म्हणाला, ‘‘पाव्हणं, हितं इमान उतरणार म्हणून दोन वरसं ऐकतूय. खडं येचून येचून तुमचीच बोटं फुटायची.’’ मी त्याला शिट्टी दाखवली.

खोटेपणाच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना चुन्याने मोठ्या अक्षरांत 09 लिहिलेले होते, आणि पाऊस पडून गेला की मीच ते पुन्हा रंगवत असे. धावपट्टीचा क्रमांक ती ज्या दिशेने धावते त्या दिशेच्या होकायंत्रावरील अंशांवरून, दहाने भागून, ठरतो. म्हणून विमान ज्या टोकावरून पूर्वेकडे धावते त्या टोकाला 09 असेल तर उलट दिशेच्या टोकाला 27 असलाच पाहिजे, दोन्हींत नेहमी 18 चा फरक असतो. हे मला भाच्याने दिवाळीत येऊन सांगितले तेव्हा मी मध्यस्थांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, आपली सिंगल धावपट्टी आहे, एकच नंबर लागतो.’’ वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी, ज्याला विंडसॉक म्हणतात, तीही सांगलीतील शिंप्याकडून शिवून आणलेली जेमतेम पाच फुटांची होती. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती किमान 3.6 मीटर लांब आणि रुंद तोंडाला 0.9 मीटर व्यासाची लागते. शिवाय तिचे निमुळते टोक बंद होते, त्यामुळे ती वाऱ्यात फुग्यासारखी तट्ट होऊन महिन्याभरात फाटे. पत्नीने ती चार वेळा शिवली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘‘अहो, हिला वारा जायला वाटच ठेवली नाही. ज्याला विमानातले कळते तो अशी शिवेल का?’’ फलकावर धावपट्टीची लांबी 1,500 मीटर लिहिली होती. मी सायकलच्या चाकाचे फेरे मोजून पाहिले, ती 740 मीटरच्या आसपास भरली. तरीही मी राहिलो, कारण 40,000 रुपये अडकले होते आणि गावी परत जाऊन काय सांगायचे हे ठरत नव्हते.

पगाराची गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिले दोन महिने भविष्य निर्वाह निधीचे 1,920 रुपये कापून 14,080 रुपये खात्यावर आले. यूएएन, म्हणजे या निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक, मागितला तेव्हा ‘तो सहा महिन्यांनी निघतो’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात हा क्रमांक नोकरीला लागतानाच काढायचा असतो आणि पैसे जमा होतात की नाही हे पासबुकात पाहता येते. माझे ते पैसे कोठेही जमा झालेले नाहीत. ऑक्टोबरपासून पगार बंद झाला, मागेल तेव्हा पाच हजारांची उचल, तीही तीनदाच. पत्नीला नऊ महिन्यांत एक रुपया मिळाला नाही, कारण ‘प्रशिक्षणार्थी अजून आलेले नाहीत’. सात महिन्यांचा थकलेला पगार उचल वजा जाऊन 97,000, पत्नीचे 54,000, अनामत 40,000 आणि कापलेला निधी 3,840, असे एकूण 1,94,840 रुपये माझे येणे आहे.

परंतु पैसे बुडाले हा या प्रकरणाचा लहान भाग आहे. दर रविवारी पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथून मोटारी येत. त्यांत मुलाला वैमानिक करू पाहणारे आईवडील असत आणि काही गुंतवणूकदार असत. त्या दिवशी जनरेटर सुरू होई, मी इस्त्रीचा गणवेश घालून फाटकावर सलाम करी, आणि आलेल्यांची नावे, गाव, फोन क्रमांक नोंदवहीत लिहून घेई. दुसरी एक वही ‘विमान आगमन-निर्गमन’ अशा नावाची होती. तिच्यात न झालेल्या ‘चाचणी उड्डाणां’च्या नोंदी करण्यास मला सांगण्यात आले. मी उड्डाण असा शब्द लिहिण्यास नकार दिला आणि ‘धावपट्टी निरीक्षण केले’ एवढेच लिहून रोज सही केली. त्या वेळी मला यात आपला प्रामाणिकपणा दिसला. लिपिकाचे वळणदार अक्षर, तारीख, वेळ, सही असलेली ती वही मध्यस्थ पालकांसमोर उघडून धरत आणि दुरूनच पाने उलटत. मजकूर कोणी वाचत नसे. मला राखणीसाठी नेमलेच नव्हते. माळावर राखण्यासारखे काही नव्हते, आणि जेथे गणवेशातला वयस्क माणूस रोज नोंद ठेवतो तेथे काहीतरी असले पाहिजे असे पाहणाऱ्याला वाटावे, एवढ्यासाठीच मी तेथे होतो.

पालक जाताना मला बाजूला घेऊन विचारत, ‘‘मामा, विमाने कधी येतात?’’ मध्यस्थांनी शिकवलेले उत्तर ‘‘पावसाळा सरला की’’ असे होते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती यादी त्या पालकांनी पाहिली नाही, त्यांनी मला विचारले.

मार्च 2023 मध्ये गावातील तीन शेतकरी बैलगाडी घेऊन धावपट्टीवरच येऊन उभे राहिले. जमीन त्यांची होती, अकरा महिन्यांच्या भाडेकराराने दिलेली, आणि तो करार माझ्या येण्याआधीच संपला होता. सातबारा उतारा ऑनलाइन काही रुपयांत निघतो. तो मी पहिल्या दिवशी काढला असता तर मालकांची नावे मला दिसली असती. वाद वाढल्यावर तहसीलदारांकडून दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 145 खाली, म्हणजे जमिनीच्या ताब्यावरून शांतता भंग होण्याच्या शक्यतेबाबतची, नोटीस आली आणि तिच्यात प्रत्यक्ष ताबा असणारा म्हणून नाव माझे होते. मध्यस्थांचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला. वकिलांनी मला धीर दिला: राखणदाराचा ताबा हा मालकाच्या वतीने असतो, त्यातून त्याला हक्कही मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलेले आहे. पण माझा मालक कोण हे दाखवणारा करार माझ्याकडे नव्हता. कोऱ्या धनादेशाबद्दल त्यांनी बँकेला नुसते ‘पेमेंट थांबवा’ असे पत्र देऊन भागणार नाही, धनादेश कशासाठी घेतला याची पोलिसांत लेखी तक्रार हवी असे सांगितले, आणि ती मी त्याच दिवशी दिली.

माझ्या बाजूने उभी राहिली ती माझी खासगी डायरी. शाळेच्या सवयीने मी रोज टँकर आला की नाही, डिझेल किती, कोणाचा फोन, काय बोलणे झाले हे लिहीत होतो. कोल्हापूरच्या एका पालकांनी तक्रार नोंदवल्यावर पोलिसांनी धावपट्टीच्या वहीतील सह्यांबद्दल मला दोन दिवस विचारणा केली, तेव्हा ती डायरी आणि खात्यावर आलेल्या दोन पगारांची नोंद यांमुळेच मी आरोपींच्या यादीत न जाता साक्षीदार राहिलो. अशा नोकरीला जाणाऱ्याने, माणसे पुरवणारी सुरक्षा संस्था असेल तर खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे तिचा परवाना तिच्या कार्यालयात दर्शनी भागात लावलेला असावा लागतो, तो आधी पाहावा. पगार रोख घेऊ नये. आणि घरच्यांना जागेचे लोकेशन पाठवूनच पहिली रात्र काढावी.

मजुरीच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. पाहुण्यांच्या नोंदवहीत माझ्या हातची 43 नावे आहेत आणि तिची प्रत पोलिसांकडे आहे. त्यांच्यापैकी ज्यांनी रक्कम भरली पण अजून तक्रार दिलेली नाही, असे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी जबाब जरूर द्यावा, आणि तो देताना फाटकावरच्या मामाने ‘पावसाळा सरला की’ असे सांगितले होते हेही त्यात लिहावे. ते उत्तर मीच दिले होते.