कोल्हापुरात बाहेर बसून लाइव्ह मॅच बघायची तर: आशिया कपपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. कोल्हापुरात बसायला आणि खायला जागांचा तोटा नाही. पण मॅच नीट दिसते, कॉमेंट्री ऐकू येते आणि आम्ही तिघी बायका असलो तरी मोठ्या स्क्रीनसमोरचं टेबल मिळतं, अशा जागा फार थोड्या. क्रिकेटसाठी दोन-तीन सापडल्या. रात्री उशिराच्या फुटबॉलसाठी मात्र एकही बार उपयोगाचा नाही. त्याला तालमीचा, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मंडळाचा, हॉलच पाहिजे.

नोकरीमुळं मी काही वर्षं मुंबईत होते. तिथं हा प्रश्न कधी पडलाच नाही. वांद्रे-अंधेरीकडच्या पबमध्ये शनिवारी संध्याकाळी प्रीमियर लीगची मॅच आवाजासकट लावलेली असायची, लोक जर्सी घालून यायचे आणि बाई एकटी बसली म्हणून कुणी मान वळवून बघायचं नाही. गेल्या वर्षी घरी परत आले आणि सप्टेंबरात आशिया कप सुरू झाल्यापासून मी, दादा आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणी मॅचसाठी बाहेर पडायला लागलो. शाहूपुरी, स्टेशन रोड, राजारामपुरी, ताराबाई पार्क, मग हायवेकडची आणि पन्हाळा रोडची गार्डन हॉटेलं असं सगळीकडं बसून झालं.

जुन्या परमिट रूमबद्दल थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांची गत एकच. टीव्ही कोपऱ्यात छताला लागून टांगलेला. त्याच्यावर प्लास्टिकच्या झेंडूची माळ, आणि ती नेमकी अशी लोंबते की कोपऱ्यातला स्कोअर झाकला जातो. आवाज बंद आणि स्पीकरवर जुनी हिंदी गाणी. आवाज वाढवा म्हटलं की वेटर प्रामाणिकपणे सांगतो, "ताई, मॅचचा आवाज लावला की गाणी बंद करायला लागत्यात, मग बाकीची गिऱ्हाइकं बोलत्यात." आता ज्याला दोन पेग घेऊन घरी जायचंय त्याला कॉमेंट्रीशी काय देणंघेणं? तिथं मॅच ही शोभेपुरतीच असते, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

खरी अडचण वेगळीच. बाई बरोबर आहे हे दिसलं की मॅनेजर दारातच सांगतो, "फॅमिली आत बसा." फॅमिली रूम म्हणजे आतली एसी खोली, प्लायवूडचे आडोसे, कुठं कुठं पडदेसुद्धा. बोलतात अदबीनं, वाढतात नीट, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठा टीव्ही बाहेरच्या हॉलमध्ये आणि आत एकतर काहीच नाही, नाहीतर छोटा टीव्ही, त्यावर लहान मुलांसाठी कार्टून. आम्ही मॅच बघायलाच आलोय, बाहेर बसलो तर चालेल का, असं विचारलं की "चालतंय की, पण तुम्हालाच बरं वाटायचं नाही" हे उत्तर ठरलेलं. बरं वाटतं की नाही ते आमचं आम्ही ठरवू, एवढंच माझं म्हणणं आहे. जिथं हट्टानं बाहेर बसलो, तिथं कधीही काही वावगं घडलं नाही. उलट शेजारच्या टेबलावरचे काका ओव्हर संपली की आम्हालाच विचारायचे, पुढची कुणाला देतील?

आशिया कपची फायनल २८ सप्टेंबर २०२५ ला होती, भारत-पाकिस्तान, रात्री आठला. तो रविवार नवरात्रातला. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी, त्यामुळं बिंदू चौक, भवानी मंडप हा भाग सोडूनच जागा शोधायला लागली. मैत्रिणी त्या नऊ दिवसांत बारची पायरी चढणार नव्हत्या, म्हणून मी आणि दादा दोघंच कावळा नाक्याच्या बाजूला गेलो. निम्म्या कोल्हापूरचा उपवास असल्यानं हॉल अर्धा रिकामा होता. मॅनेजरलाही वेळ होता, त्यानं गाणी बंद करून कॉमेंट्री लावली. कुलदीपनं चार विकेट काढल्या, पाकिस्तान १४६ वर गुंडाळलं, आणि पुढं तिलक वर्मा ६९ वर नाबाद राहून मॅच काढतोय हे आम्ही आवाजासकट बघितलं, फक्त शेवटच्या ओव्हरपर्यंत शटर अर्धं खाली आलेलं होतं. मोठी मॅच नवरात्रात किंवा श्रावणात आली तर जागा हमखास मिळते, हे लक्षात ठेवा. २ ऑक्टोबरचा ड्राय डे मात्र धरून चाला, त्या दिवशी जेवणाची हॉटेलं तेवढी चालू.

शटरचा विषय निघालाच आहे तर महिला वर्ल्डकपची फायनल सांगायलाच पाहिजे. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-दक्षिण आफ्रिका. आमच्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना खेळणार, त्यामुळं त्या दिवशी आम्ही चौघंही ठरवून गेलो. पावसानं मॅच दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली. एका मोठ्या हॉटेलात आधी फोन करून टेबल सांगितलेलं, तरी गेल्यावर आम्हाला आत फॅमिलीत घातलं. टीव्ही नाही म्हटल्यावर बरीच बोलाबोली झाली, मग बाहेरचं खांबामागचं टेबल मिळालं. महिलांची फायनल चाललीय आणि ती बघायला आलेल्या बायकांना टीव्ही नसलेल्या खोलीत बसवतात, याचा मला त्या दिवशी राग आला आणि अजून तो गेलेला नाही. शेफालीच्या ८७ मधल्या निम्म्या धावा मी मान वाकडी करून बघितल्या.

भारताच्या २९८ झाल्या. आफ्रिकेची वोल्वार्ट शतकाकडं निघालेली. मॅच अशी लटकलेली असताना साडेअकराच्या सुमारास वेटर बिल घेऊन आला. "बंद करायला लागतंय ताई, पोलिसांची गाडी येती." त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, वेळ पाळणं त्याच्या मालकाला भागच आहे. आम्ही खाली पार्किंगमध्ये दादाच्या गाडीच्या सीटवर मोबाइल उभा केला आणि चौघंही त्याच्यावर वाकलो. वोल्वार्टनं शतक पूर्ण केलेलं. मोबाइलवर आपली दीप्ती शर्मा अजून बॉलिंगला धावत येत होती, आणि तेवढ्यात समोरच्या अपार्टमेंटमधून एकदम आरडाओरडा. आम्हाला कळलं की काहीतरी झालं. अर्ध्या मिनिटानं आमच्याही स्क्रीनवर अमनजोतच्या हातातून उसळत-उसळत वोल्वार्टचा तो कॅच शेवटी तिच्याकडंच राहिला. मग मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीची पाचवी विकेट, हरमनप्रीतचा मागं पळत घेतलेला कॅच आणि ५२ रननी वर्ल्डकप. तोही समोरच्या बिल्डिंगीतल्या फटाक्यांनी आम्हाला आधीच सांगून टाकला.

ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट जागा निवडताना फार कामाची आहे. डिश किंवा केबलवर चित्र लवकर पोचतं. इंटरनेटवरून येणाऱ्या ॲपवर तेच चित्र तुकड्यातुकड्यानं साठवून पुढं पाठवलं जातं, त्यामुळं वीस-तीस सेकंद, कधी जास्तही मागं पडतं. नव्या लाउंजमध्ये स्मार्ट टीव्हीवर ॲप लावलेलं असतं. खाली रस्त्यावरच्या पानपट्टीत केबल. सिक्सरची आरोळी खालून वर येते आणि मग तुम्ही सिक्सर बघता. कोल्हापूरसारख्या गावात, जिथं विकेट पडली तरी पेठेत फटाके वाजतात, तिथं ॲपवर मॅच बघणं म्हणजे निकाल ऐकून मग बघणं. म्हणून फोन करताना आम्ही आता पहिला प्रश्न हाच विचारतो, डिश आहे का मोबाइलवरून लावता?

राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या गच्चीवरच्या लाउंजचं बरं-वाईट दोन्ही आहे. स्क्रीन मोठी, खुर्च्या आरामशीर, बायकांना वेगळं बसवायचा प्रकार नाही. मैत्रिणींना याच जागा सगळ्यात सोयीच्या वाटल्या. पण शनिवारी डीजे असतो, आणि डीजे आला की मॅच मुकी होते. आयपीएलच्या संध्याकाळी, त्यातही मंगळवार-बुधवारी, तिथं खरंच छान बघायला मिळतं. चौघांचं बिल अडीच-तीन हजारांच्या घरात जातं, जुन्या परमिट रूमपेक्षा बरंच जास्त. त्यातला बराचसा पैसा जागेचा आहे, जेवणाचा नाही. तिथलं पनीर आणि नूडल्स मी परत मागवणार नाही.

जेवणासकट मॅच हवी तर शहराबाहेरची गार्डन हॉटेलं. पन्हाळा रोडला आणि हायवेच्या बाजूला काही ठिकाणी लॉनवर पडदा टाकून प्रोजेक्टर लावतात. सुकं मटण, तांबडा-पांढरा, भाकरी, समोर मॅच, आजूबाजूला म्हातारी माणसं आणि पोरंबाळं घेऊन आलेली घरं. आम्हाला सगळ्यात जास्त मजा इथं आली, आणि इथं कुणी कुणाला आत बसा म्हणत नाही, सगळंच फॅमिली असतं. पण दुपारी साडेतीनच्या मॅचला जाऊ नका. उजेडात पडदा नुसता पांढरा दिसतो, बॉल दिसत नाही. साडेसातची मॅच उत्तम. एप्रिल-मे महिन्यात आभाळ बघूनच निघा, वळीव आला की सगळ्यात आधी प्रोजेक्टर उचलतात आणि मग माणसं पत्र्याखाली घेतात. आत टीव्ही आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

आता फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी इथल्याच संघांची मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. अशा गावात शनिवारी रात्री एकाही बारमध्ये प्रीमियर लीग लावलेली सापडू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मागितल्यावर लावतात, नाही म्हणत नाहीत, पण रणजीच्या हायलाइट्स मागणारं एक गिऱ्हाईक आलं की चॅनल बदललं.

वेळेचं गणितही जुळत नाही. इंग्लंडात शनिवारी साडेपाचला सुरू होणारी मॅच आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री दहाला लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागं जातं, की तीच मॅच आपल्याकडं अकराला. म्हणजे हाफटाइमच्या आधीच बिल. थंडीत बारमध्ये पूर्ण बघायची तर त्यांच्या दुपारी तीनची, आपली रात्री साडेआठची, तेवढी शक्य. चॅम्पियन्स लीगचा तर प्रश्नच नाही, हिवाळ्यात तिच्या बहुतेक मॅच रात्री दीड वाजता सुरू होतात.

दादाच्या ओळखीनं एका तालमीच्या हॉलमध्ये जायला मिळालं आणि मग कळलं की फुटबॉलवाले बारमध्ये का येत नाहीत. त्यांना गरजच नाही. भिंतीवर मंडळाच्या जुन्या टीमचे फोटो, खाली सतरंजी, समोर केबलचा मोठा टीव्ही, आवाज पूर्ण. बसलेले निम्मे जण स्वतः खेळलेले. ऑफसाइड झाला तर रेफ्रीच्या आधी हे हात वर करतात, आणि डिफेन्डर कुठं चुकला हे गोल पडायच्या आधी सांगतात. एवढं कळणारं पब्लिक मला मुंबईतही मिळालं नव्हतं. हाफटाइमला चहा, कुणीतरी घरून आणलेले शेंगदाणे. दारूचा विषय नाही, त्यामुळं माझा १९ वर्षांचा मामेभाऊही बिनघोर येऊन बसतो. बारमध्ये बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ची अट, त्याला तिथं नेणंच अवघड. पहिल्या दिवशी मी एकटीच बाई होते. एक वयस्कर मामा उठले, भिंतीला टेकायची स्वतःची जागा मला दिली आणि विचारलं, "बाळ, तू कुणाकडून?" लिव्हरपूल म्हटल्यावर निम्मा हॉल नाराज झाला. पुढच्या वेळी मैत्रिणीही आल्या. आता आमची जागा ठरलेली आहे.

२०२६ च्या जूनच्या ११ तारखेला अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडातला फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतोय. ४८ संघ, १०४ मॅच आणि त्यातल्या बहुतेकांच्या वेळा आपल्या मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतच्या. फायनल तिकडं १९ जुलैच्या दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडं २० तारीख उजाडल्यावर रात्री साडेबाराला. बारच्या भरवशावर राहू नका. २०२२ ला पेठांमध्ये मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहिलेले, यंदाही तालमी आणि चौकांतच खरा वर्ल्डकप होणार. ओळख नसेल तर आतापासून काढून ठेवा. बायकांनी तर नक्कीच जावं, सोबत दोघी-तिघी असल्या की पुढच्यांना वाट मोकळी होते.

क्रिकेटसाठी आमचा आता ठरलेला क्रम असा: आठवड्याच्या मधल्या दिवशी लाउंज, रविवारी गार्डन हॉटेल. फोन संध्याकाळच्या आत करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या. डिश आहे का, आवाज लावणार का, टेबलापुढं खांब आहे का, आणि आम्ही बायका आहोत, बाहेरच्या हॉलमध्ये बसवणार का. कावळा नाक्याच्या त्या मॅनेजरला हा शेवटचा प्रश्न इतक्यांदा विचारला की मार्चमध्ये त्यानं फॅमिली रूममध्येही मोठा टीव्ही बसवला. आम्ही अजूनही बाहेरच बसतो. आतल्या टेबलांवर मात्र एका मॅचच्या दिवशी तीन घरं मॅच बघत जेवत होती.