फॅक्टरी रीसेट: बटण भरवशाचं, घोळ होतो तो त्याच्या आधी

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाईल बाजारात काय किंवा तालुक्याच्या गावातल्या दुकानात काय, जुना फोन काउंटरवर ठेवला की दुकानदार आधी काच तिरकी धरून चरे बघतो आणि मग सहज विचारतो, "लॉक काय आहे?" गिऱ्हाईक पॅटर्न काढून दाखवतं. "फॉरमॅट मारून घेतो, काळजी नका करू," म्हणत तो फोन आत घेतो. त्या फोनमध्ये सातबाऱ्याची पीडीएफ असते, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो असतो, घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या दोन्ही बाजू असतात, पोरीच्या साखरपुड्याचे फोटो असतात. दुकानदार प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण हे काम त्याच्यावर सोपवायची गरजच नाही. त्यासाठी लागणारं साधन प्रत्येक फोनमध्ये फुकट दिलेलं आहे. हे परीक्षण त्याच साधनाचं, फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा कोरा करणाऱ्या फॅक्टरी रीसेटचं, आणि जाता जाता फोन विकायच्या तीन वाटांचंही.

निकाल आधीच सांगतो. गेल्या पाच-सहा वर्षांत घेतलेला फोन असेल तर पुसण्याच्या कामाला पाचपैकी पाच गुण. त्याच्या आधी जी तयारी लागते ती फोन नीट सांगत नाही, तिथे पाचपैकी दोनच.

पुसतं ते खरंच पुसतं का?

लोकांच्या मनात भीती असते की रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून सगळं परत काढता येतं. ही भीती जुन्या फोनपुरती खरी होती. साध्या डिलीटमध्ये फाइलची नोंद जाते, फाइल जागेवरच राहते. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीतून, नमुना ८ मधून, नाव कमी केलं म्हणून घर पडत नाही, तसं. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून मात्र नव्याने निघणाऱ्या प्रत्येक फोनला डेटा एन्क्रिप्ट करूनच साठवावा लागतो, म्हणजे मेमरीत जे काही लिहिलं जातं ते सांकेतिक रूपात आणि ते उलगडायची किल्ली फोनच्या आतच. रीसेट ही किल्ली नष्ट करतो. मागे काही उरलंच तर तो अर्थहीन आकड्यांचा ढिगारा. १२८ जीबीचा फोन चार-पाच मिनिटांत कोरा होतो तो यामुळेच. सगळी मेमरी खरोखर खरवडायची असती तर इतक्यात उरकलं नसतं. आयफोनमध्ये ही सोय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे.

आपला फोन यात बसतो का ते बघायला सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'एन्क्रिप्शन' टाईप करा. 'एन्क्रिप्टेड' दिसलं की निर्धास्त व्हा. २०१४-१५ च्या सुमाराचा, अँड्रॉइड ५ किंवा त्याच्या आधीचा फोन असेल आणि तिथे 'एन्क्रिप्ट फोन' असा पर्याय असेल, तर चार्जर लावून आधी ते करा, तासभर तरी धरून चाला, आणि मग रीसेट मारा. पर्यायच नसेल तर रीसेट करा, कुठलंही अकाउंट न टाकता फोन चालू करा, कॅमेरा टेबलावर पालथा ठेवून मेमरी भरेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा आणि पुन्हा रीसेट करा. 'फाइल श्रेडर' म्हणून मिळणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. फोनची मेमरी एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत नाही, झीज सारखी पडावी म्हणून दर वेळी नवी जागा निवडते. त्यामुळे श्रेडर जे वरून लिहितं ते भलतीकडेच जाऊन पडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक

फोन स्वच्छ करून द्यावा म्हणून बरेच जण रीसेटच्या आधी गॅलरी उघडून फोटो निवडून निवडून डिलीट करतात. गूगल फोटोज उघडून हे केलं आणि बॅकअप चालू असला, तर फोटो फोनमधूनही जातात आणि खात्यातूनही. नव्या फोनवर दिसतच नाहीत. नावं-नंबरांचंही तेच: इथे डिलीट केलं की तिकडे सिंक होऊन गायब. असं झालंच असेल तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, ते आजच परत घ्या. म्हणून नियम एकच ठेवा, हाताने काहीही पुसायचं नाही. पुसायचं काम रीसेटचं.

या चुकीची सख्खी बहीण असलेली दुसरी चूक व्हॉट्सअ‍ॅपमध्ये होते. 'डिलीट अकाउंट' दाबलं की तुम्ही सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता आणि बॅकअपही जातो. जुन्या फोनवर त्या पर्यायाला हातच लावू नका.

आधी काय काढून घ्यायचं

रीसेट काही विचारत नाही, परतही देत नाही. 'बॅकअप ऑन आहे' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचं नेमकं काय राहून जातं ते असं.

गूगल फोटोज आपण होऊन फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो घेतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. फुकटची जागा १५ जीबी, आणि त्यातच जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. जागा भरलेली असेल तर बॅकअप कित्येक महिने थांबलेला असतो, म्हणून शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते डोळ्यांनी बघा.

कॉल रेकॉर्डिंग कुठल्याच बॅकअपमध्ये आपोआप जात नाही. मोंढ्यात आडत्याशी ठरलेला सोयाबीनचा भाव, प्लॉटच्या व्यवहाराचं बोलणं, असं बरंच काही त्यात असतं आणि त्याची आठवण फोन विकून महिना झाल्यावर येते. फाइल मॅनेजर उघडून 'रेकॉर्डिंग' शोधा आणि तो अख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

नंबर कुठे साठवलेत तेही बघा. 'फोन' किंवा 'सिम' मध्ये असलेले नंबर गूगल खात्यात नसतात. कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये 'एक्स्पोर्ट' करून निघालेली व्हीसीएफ फाइल स्वतःला मेल करा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेतकऱ्यांसाठी खास एक. ई-पीक पाहणीची नोंद शेतात रेंज नसताना केली असेल आणि अपलोड व्हायची राहिली असेल, तर ती त्या फोनपुरतीच असते. आधी अपलोड झाल्याची खात्री करा, मग पुढचं. सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर, शाओमीचं सेकंड स्पेस, गॅलरीतला हिडन अल्बम यांच्यातलंही वेगळं काढावं लागतं, नेहमीच्या बॅकअपला ते दिसत नाही. बँकेचे किंवा ऑफिसचे कोड देणारं ऑथेंटिकेटर असेल तर त्यातली खाती 'ट्रान्सफर' मधून क्यूआर दाखवून नव्या फोनवर न्या, नाहीतर खात्यात शिरतानाच अडाल.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी आमचं मत ठाम आहे: बॅकअपच्या नादी लागण्यापेक्षा 'ट्रान्सफर चॅट्स' वापरा. २०२३ पासून ही सोय आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, वायफाय आणि लोकेशन चालू करायचं, नव्या फोनवरचा क्यूआर जुन्याने स्कॅन करायचा. चॅट थेट या फोनमधून त्या फोनमध्ये जातात. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या पॅकवर आठ-दहा जीबीचा बॅकअप वर चढवून पुन्हा उतरवणं गावाकडच्या रेंजमध्ये होतच नाही.

आणि यूपीआय. जुन्या फोनवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकलं म्हणजे नोंदणी रद्द झाली असं नाही. अ‍ॅप नव्या फोनवर, सिम त्यात घालून, आधी चालू करा. तिथून सिमवरून एक एसएमएस जातो आणि नोंदणी त्या फोनशी बांधली जाते. एसएमएस बँकेत दिलेल्या नंबरवरूनच जायला हवा आणि त्या सिमचं रिचार्ज संपलेलं नको. 'व्हेरिफिकेशन फेल' येण्याचं कारण बहुतेक वेळा याच दोनपैकी एक असतं. नव्या फोनवर पहिले २४ तास पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते, म्हणून खत-बियाण्याचे पैसे द्यायच्या दिवशी फोन बदलू नका.

हे सगळं झालं की जुना फोन दोन-तीन दिवस घरीच ठेवा. काय राहिलं ते तेवढ्यात कळतं. एक्स्चेंजची ऑफर आजच संपतेय म्हणून ही सवड सोडू नका.

कुलूप उघडं न करता फोन दिला तर

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये चोरीविरुद्धचं एक कुलूप आहे. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रीसेट केला, तर फोन चालू होताना आधीचं गूगल खातं मागतो. फोन कोरा दिसतो, पण घेणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. मग रात्री विकणाऱ्याला फोन येतो, "दादा, जीमेलचा पासवर्ड सांगा," आणि घाईत तो सांगितलाही जातो. एवढी काळजी घेऊन शेवटी घराची किल्लीच हातात दिल्यासारखं होतं.

म्हणून क्रम पाळा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून प्रत्येक गूगल खातं 'रिमूव्ह अकाउंट' करा. हे खातं फक्त या फोनवरून निघतं, बंद होत नाही. सॅमसंग आणि शाओमीत कंपनीचं वेगळं खातं असतं आणि त्याचं वेगळं कुलूपही, तेही काढा. मग स्क्रीन लॉक काढा. गूगलचा पासवर्ड हल्लीच बदलला असेल तर २४ तास थांबून रीसेट करा, नाहीतर खातं मागितल्यावर नवा पासवर्ड चालत नाही. आयफोनला आधी 'फाइंड माय' बंद करा, मग जनरलमधल्या 'ट्रान्सफर ऑर रीसेट' मधून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. ते विसरून फोन देऊन बसला असाल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो फोन खात्यातून काढता येतो, कुणाला पासवर्ड सांगायची गरज नाही.

आता ट्रे. पिन घालून ट्रे बाहेर ओढा आणि उजेडात उलटी करून बघा. दोन सिमच्या ट्रेमध्ये मेमरी कार्ड पालथं चिकटून बसतं आणि काळ्या ट्रेवर काळं कार्ड चटकन दिसत नाही. अंतर्गत मेमरीचा रीसेट कार्डाला हात लावत नाही. कार्ड फोनसोबत देऊच नका, शंभर-दोनशे रुपयांसाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही. ई-सिम असेल तर ते आधी नव्या फोनवर घ्या. रीसेटच्या पानावर 'इरेज ई-सिम' अशी वेगळी खूण येते, ती करा.

बॅटरी ६० टक्क्यांच्या वर ठेवा आणि मगच सुरू करा. रीसेट चालू असताना फोन बंद पडला तर कधी कधी कंपनीच्या लोगोवरच अडकून बसतो आणि सॉफ्टवेअर टाकून घेण्याचा खर्च मागे लागतो. पर्याय बहुतेक फोनमध्ये 'सिस्टम' खालच्या 'रीसेट ऑप्शन्स' मध्ये सापडतो, सॅमसंगमध्ये 'जनरल मॅनेजमेंट', शाओमीत 'अबाउट फोन'. स्वागताचा पडदा आला की वायफाय जोडून खातं मागण्याच्या पानापर्यंत जा. तिथे 'आधीचं खातं टाका' असं नाही आलं की काम फत्ते. काही न भरता फोन बंद करा.

कुणाला द्यायचा

शोरूमचं एक्स्चेंज सोयीचं. भाव मात्र कमी धरला जातो आणि 'डेटा आम्ही ट्रान्सफर करून देतो' ही सेवा घाईत, तुमच्या पिनसकट होते. ती घेऊ नका. पाचपैकी तीन.

घरी येऊन नेणाऱ्या ऑनलाइन सेवांमध्ये तपासणी बारकाईने होते. अ‍ॅपवर दिसलेला भाव दारात कमी होण्याची तयारी ठेवा, काचेवरचा चरा आणि बॅटरी ही नेहमीची कारणं. माणूस यायच्या आधी रीसेट झालेला हवा, तो आल्यावर त्याच्यासमोर घाईत नको. साडेतीन.

बाजारातल्या दुकानात घासाघीस करता येते, बिल आणि डबा असला की भावही बरा मिळतो. पण पावती मागून घ्यावी लागते. चार, अर्थात पावती मिळत असेल तरच.

पावतीवर तारीख, फोनचं मॉडेल, *#०६# लावून दिसणारे दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), घेणाऱ्याचं नाव आणि सही हवी. उद्या त्या फोनवरून काही भलतं घडलं तर हाच कागद कामी येतो. सोबत आधारची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर 'फक्त अमुक मॉडेलचा फोन विकण्यासाठी' असं लिहून तारीख टाका. घेणाराही खात्री करू शकतो: केवायएम (KYM), मग जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं.

डिस्प्ले फुटून फोन दिसेनासा झाला असेल तर गोष्ट वेगळी. टच गेला पण चित्र दिसतंय, तर ओटीजी (फोनला यूएसबीची वस्तू जोडणारा छोटा कनेक्टर) लावून कॉम्प्युटरचा माउस जोडा, पडद्यावर बाण येतो आणि सगळं वरच्या क्रमाने करता येतं. काळाठिक्कर पडला असेल तर आधी साधा डिस्प्ले बसवून घ्या, रीसेट करा, मग विका. तेवढा खर्च परवडत नसेल तर भंगारात किंवा पार्टसाठी तो देऊ नका, कारण पार्टसाठी घेणारा मदरबोर्डही घेतो आणि डेटा त्याच्यावरच असतो. आणि पाठीमागचं झाकण फुगून वर आलं असेल, तर तो फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, खिशात घालून बाजारात न्यायचा नाही. आधी जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यायची.