प्ले स्टोअरची 12 टेस्टरची अट: वैयक्तिक खातं, संस्थेचं खातं की आधी आयफोन?

पहिलं ॲप तयार झालं की नवखा डेव्हलपर हमखास इथे अडतो. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर प्ले स्टोअरवर ॲप थेट सगळ्यांसाठी सोडता येत नाही. आधी क्लोज्ड टेस्टिंग करायचं, म्हणजे ॲप फक्त निवडक लोकांना वापरायला द्यायचं, त्यात किमान 12 टेस्टर हवेत आणि तेही सलग 14 दिवस टिकलेले. आधी हा आकडा 20 होता, त्यामानाने आता बरंच म्हणायचं. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. म्हणून बरेच जण तिकडे वळायचा विचार करतात.

समजा तुमचं ॲप म्हणजे नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही खात्यांना एकदाच 25 डॉलर. फरक कागदपत्रांत आहे. संस्थेला डन्स नंबर, म्हणजे व्यवसायाची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, पण हातात पडायला महिनाही जाऊ शकतो. म्हणजे 14 दिवस वाचवायला निघून तीस घालवायचे! शिवाय संस्थेचा पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो, आणि तो पत्ता सिडकोतल्या राहत्या घराचा असेल तर विचार करा. (ॲपमधून पैसे घ्यायला लागलात की वैयक्तिक खात्याचाही पत्ता दिसतो, ते वेगळं.) फर्म किंवा कंपनी आधीच नोंदलेली असेल तर डोळे झाकून संस्थेचं खातं काढा. पण टेस्टिंग चुकवायला म्हणून फर्म काढायची, हे मला पटत नाही.

वैयक्तिक खात्यात खरी मेख बारा माणसांची. कॉलेज रोडच्या कट्ट्यावरचे मित्र भिडेखातर ॲप घेतील आणि पुन्हा उघडणार नाहीत. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. चौदा दिवसांनंतर ॲप सगळ्यांसाठी सोडायला गुगलकडे अर्ज भरताना टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, हे सगळं विचारतात. तिथे काय लिहिणार? त्यापेक्षा निफाड-पिंपळगावचे खरे बागायतदार गाठा. "एकरी औषध किती ते नको, ब्लोअरच्या सहाशे लिटर टाकीला किती ते विचारा," असं एखाद्याने सुनावलं, की अर्जातलं एक उत्तर तयार झालं आणि ॲपही सुधारलं.

एक अडचण मात्र हमखास येते. तुम्ही टेस्टरच्या यादीत घातलेला जीमेल एक आणि बागायतदाराच्या फोनमधल्या प्ले स्टोअरला जोडलेला दुसराच, बहुतेक वेळा मोबाइल दुकानदाराने काढून दिलेला. मग लिंक उघडते, पण ॲप दिसत नाही. प्ले स्टोअर उघडायला लावून वर कोपऱ्यातला फोटो दाबायला सांगा आणि तिथे दिसणारा पत्ता मागून घ्या. टेस्टर होण्यासाठी लिंकवर होकार द्यावा लागतो, नुसतं यादीत नाव असून चालत नाही. मधेच कोणी बाहेर पडला तर पंचाईत नको, म्हणून पंधरा-सोळा जण धरा.

आयफोनकडे किमान टेस्टरची अट नाही. टेस्टफ्लाइट या ॲपलच्या टेस्टिंगच्या सोयीवर बाहेरचे 10,000 लोक घेता येतात, पहिल्या बिल्डची (ॲपच्या तयार आवृत्तीची) तपासणी ॲपल करतं आणि प्रत्येक बिल्ड 90 दिवस चालतं. पण वर्षाला 99 डॉलर मोजायचे, आणि बांधावर बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच. या ॲपसाठी तरी तो मार्ग मी धरणार नाही.

तेव्हा माझा कौल वैयक्तिक खात्याला, पण मुहूर्त नीट साधा. सटाणा-बागलाणकडे अगाप (लवकर येणाऱ्या) द्राक्षांची छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच होते. टेस्टर तिकडचे घेतले तर छाटणीनंतरच्या ऐन फवारणीत ॲप रोज उघडलं जाईल. अर्जाचा निकाल साधारण आठवड्यात लागतो. नाकारला गेलाच, तर निफाडच्या ऑक्टोबर छाटणीआधी आणखी एक फेरी करायला वेळ उरतो.