परदेशातल्या मुलाचं पालकत्व: हप्ता सोपा, पत्र अवघड

वर्ल्ड व्हिजन, कम्पॅशन, प्लॅन इंटरनॅशनल, एसओएस बालग्राम, चाइल्डफंड. परदेशातल्या एका गरजू मुलासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, म्हणजे त्याचं प्रायोजक व्हायचं, आणि त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवायचा, अशी सोय या संस्था देतात. नावं पाच, जाहिरात जवळपास एकच: एका मुलाचा फोटो, खाली नाव, वय आणि महिन्याची रक्कम. फोटो बघून निवड केली की वर्षभरानं कुरबुर सुरू होते, कारण या सेवा आतून अगदी वेगवेगळ्या आहेत. घरात स्वतःची मुलं वाढवत असताना यातली कोणती झेपेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पैसा कुठे जातो आणि पत्र कुणाच्या हातून जातं.

आधी पैशाचं बघू. कम्पॅशन १९५२ साली कोरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी सुरू झाली. आजही तिचा हिशेब एक मूल, एक प्रायोजक असा चालतो. मूल आपल्या घरीच राहतं आणि ठरलेल्या वेळी स्थानिक चर्चच्या केंद्रात येतं. तिथे खाणं, तब्येतीची तपासणी, अभ्यासात मदत मिळते आणि बायबलही शिकवलं जातं. हे शेवटचं पटत नसेल तर ही सेवा घेऊच नये, कारण ते वगळून बाकीचं मिळत नाही. वर्ल्ड व्हिजनही ख्रिस्ती संस्था आहे, पण मदत धर्म न बघता देते. प्लॅन कुठल्याच धर्माशी बांधलेली नाही. चाइल्डफंडचं नाव २००९ पर्यंत ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड होतं, जुनी माहिती शोधताना तेच सापडेल.

वर्ल्ड व्हिजन आणि प्लॅन यांच्याकडे पैसा एका भागासाठी एकत्र होतो. पाण्याची सोय, शाळेची खोली, आरोग्य, बचतगट अशा कामांवर तो खर्च होतो, आणि फोटोतलं मूल त्या वस्तीतलं एक मूल असतं. इथे ‘माझ्या पैशातून त्याची फी भरली का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ही लबाडी नव्हे, गावाला पाणी मिळालं तर मुलालाही मिळतं. तक्रार आहे ती जाहिरातीबद्दल: चेहरा मोठ्ठा आणि ‘निधी एकत्रित वापरला जातो’ ही ओळ बारीक अक्षरात. पैसे भरण्याआधी ती ओळ शोधून वाचा.

एसओएस बालग्राम हा तिसरा प्रकार. १९४९ साली ऑस्ट्रियातल्या इम्स्टला पहिलं बालग्राम उभं राहिलं. आईवडिलांचं छत्र हरपलेली मुलं तिथे एका ‘आई’सोबत घरात वाढतात. एका मुलाचा पूर्ण खर्च एका प्रायोजकाच्या हप्त्यात भागत नाही, म्हणून एका मुलामागे अनेक प्रायोजक असतात आणि बातमीपत्र बहुतेकदा मुलाऐवजी बालग्रामातली मोठी माणसं लिहितात. पत्रमैत्रीच्या अपेक्षेनं गेलात तर निराशा होईल. ज्यांना पत्रं झेपणार नाहीत, पण हप्ता न चुकता जाईल, त्यांना हीच सेवा सगळ्यांत सोयीची.

फायदा होतो का? २०१३ साली जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास छापून आला. लहानपणी प्रायोजक मिळालेल्यांचं शिक्षण सरासरी १.०३ ते १.४६ वर्षांनी जास्त झालं होतं आणि माध्यमिक शिक्षण पुरं करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरात १२ ते १८ जणांनी) वाढलं होतं. आकडे दमदार आहेत, पण ते फक्त कम्पॅशनचे, म्हणजे एकास-एक पद्धतीचे. निधी एकत्र करणाऱ्या संस्थेनं ते आपल्या जाहिरातीत वापरले तर भुवया उंचावाव्यात. दुसरी बाजूही नोंदलेली आहे. १९९८ साली शिकागो ट्रिब्यून या अमेरिकी वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी स्वतः मुलं प्रायोजित केली आणि मग त्यांना शोधत गेले. काही मुलांपर्यंत फारसं काही पोचलेलंच नव्हतं, आणि एका मुलीच्या मृत्यूनंतरही तिची खुशाली येत राहिली होती.

म्हणून आमच्या मते सेवेची खरी परीक्षा पत्रात असते. पत्रातून माणूस बोलतोय की नुसता छापील नमुना भरलाय, हे दोन-तीन पत्रांत कळतं.

पत्राचा प्रवास लांबचा. तुमच्याकडून संस्थेच्या मुख्यालयात, तिथून त्या देशातल्या कार्यालयात, मग अनुवादकाकडे, मग केंद्राच्या कार्यकर्त्याच्या पिशवीतून गावात. एका बाजूला दोन-तीन महिने लागतात असं धरा. ऑनलाइन लिहिलं तर पहिला टप्पा वाचतो, अनुवाद आणि गावचा रस्ता तेवढाच राहतो. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार ते सहा महिन्यांनी, आणि तोवर तुमचं पुढचं पत्र निघालेलं. पत्रं एकमेकांना ओलांडून जातात आणि ‘विचारलं होतं, उत्तरच दिलं नाही’ असा गैरसमज होतो. उपाय साधा आहे: एक वही ठेवा, त्यात पाठवल्याची तारीख, विचारलेले प्रश्न आणि पत्राचा फोटो.

वर्षाला चार पत्रं पुरतात, बारा लिहिण्याचा संकल्प तिसऱ्या महिन्यात मोडतो. वाढदिवसाचं पत्र तीन महिने आधी टाका. शाळेबद्दल लिहिताना तिथलं वर्ष बघा: केनियात शाळा जानेवारीत सुरू होते, बोलिव्हियात फेब्रुवारीत, इथिओपियात सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये ‘नवीन वर्ग कसा आहे?’ विचारलं तर केनियातलं मूल बुचकळ्यात पडतं.

मजकूर एका पानाचा, दीडशे शब्दांच्या आत. वाक्यं छोटी. म्हणी, कोट्या, लाडिक अतिशयोक्ती टाळा: ‘पठ्ठ्या, तोडलंस!’ या थाटाचं कौतुक दोन भाषा ओलांडून पोचेपर्यंत नेमकं काय तुटलं अशी चौकशी सुरू होते. प्रश्न दोनच विचारा, पण नेमके. ‘कसा आहेस?’ला उत्तर ‘बरा आहे’ एवढंच येणार. ‘शाळेत जायला किती वेळ लागतो, सोबत कोण असतं?’ याला मात्र चार ओळी येतात. घर, गाडी, सहली यांची वर्णनं नकोत. पाळलेलं मांजर, पाऊस, गणितात उडालेली दांडी हे सगळीकडे समजतं. आडनाव, पत्ता, फोन, समाजमाध्यमांवरचं खातं लिहू नका. बालसुरक्षेच्या नियमांमुळे संस्था ते खोडते किंवा पत्र परत पाठवते. ‘तुला इकडे बोलावू’ हे तर चुकूनही नको.

पहिल्या वर्षाची उत्तरं रुक्ष असतात. आवडता रंग, आवडतं खाणं, ‘देव तुमचं भलं करो’. लहान मुलांचं पत्र कार्यकर्ताच लिहितो, आणि तो एका बैठकीत वीसेक पत्रं उरकत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मूल स्वतः लिहू लागलं की फरक पडतो. पत्रात तुमच्या प्रश्नांचा मागमूसही नाही असं सलग तीनदा झालं तर संस्थेला लेखी विचारा. चांगली संस्था क्षेत्र-कार्यालयाकडून खुलासा मागवते. वाईट संस्था आभाराचं पत्र पाठवते.

आता घरातली मुलं. आपल्या मुलाच्या वयाचंच मूल निवडायचा मोह होतो, आणि पत्रांसाठी ते बरंही असतं. पण हिशेब मांडा: सहा वर्षांचं मूल घेतलं तर साधारण बारा वर्षांची बांधिलकी, आणि शेवटची वर्षं नेमकी घरच्या मुलांच्या उच्च शिक्षणाच्या खर्चावर येऊन आदळतात. बारा-तेरा वर्षांचं मूल घेतलं तर पाच-सहा वर्षांत काम पुरं होतं. शिवाय मोठ्या मुलांना प्रायोजक मिळायला जास्त वेळ लागतो. घरात दोन मुलं म्हणून दोन प्रायोजित मुलं असंही करू नका, आठही पत्रं शेवटी एकाच पालकाच्या गळ्यात पडतात. ठरवण्याआधी तीन महिने तेवढीच रक्कम वेगळी काढून बघा. तिला हात लावावा लागला तर अजून थांबा.

घरची मुलं हमखास विचारणार: ‘माझी जुनी सायकल पाठवू या?’ पार्सल बहुतेक संस्था घेत नाहीत. सीमाशुल्क तिकडच्या माणसांवर पडतं, सामान वाटेत हरवतं आणि शेजारच्या मुलांत हेवा वाढतो. चित्र, स्टिकर, वाचनखूण अशा चपट्या कागदी वस्तू कुठे चालतात, कुठे नाहीत, ते आधी विचारा. कम्पॅशनसारख्या संस्थेत वाढदिवसाला रोख भेट देता येते, तिला कमाल मर्यादा असते. कार्यकर्ता मुलाला घेऊन खरेदी करतो आणि काय घेतलं ते काही महिन्यांनी पत्रातून कळतं. बूट, शाळेची बॅग, कधी कोंबड्या. घरच्या मुलांना सायकलपेक्षा कोंबड्यांची गोष्ट जास्त आवडते, असा अनुभव सांगणारे पालक बरेच.

हिशेबपत्रकातला ‘प्रशासकीय खर्च’ कमी दिसला म्हणून भुलू नका. पत्रांचा अनुवाद, फोटो, वाहतूक हा खर्च बरेचदा कार्यक्रमाच्या खर्चातच धरलेला असतो. तो फुकट जातो असं नाही, पण पत्रव्यवहार हवा तर त्याची किंमत आहे.

अडचणी येतात त्या शेवटाला. कार्डाची मुदत संपते, हप्ता अडकतो आणि आठवणीचा ईमेल जाहिरातींच्या ढिगात हरवतो, म्हणून मुदतीची तारीखही त्याच वहीत लिहा. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं की मूल कार्यक्रमातून बाहेर पडतं, आणि संस्था नवं मूल परस्पर जोडून देते. नको असेल तर लगेच कळवायला लागतं. वस्तीवर आधारलेला कार्यक्रम साधारण पंधरा वर्षांत आवरता घेतात, तेव्हा तुमचं मूल अकरा वर्षांचं असलं तरी नातं थांबतं. कधी सरकारच दार लावतं. परदेशी निधीवरच्या निर्बंधांमुळे कम्पॅशनला २०१७ साली भारतातलं काम बंद करावं लागलं आणि एक लाखाहून जास्त मुलांचे प्रायोजक एकदम तुटले.

स्वतःहून थांबायचं असेल तर क्रम सांभाळा. आधी संस्थेला कळवा, मग निरोपाचं पत्र टाका, ते मुलाला मिळाल्याची खात्री करून घ्या आणि त्यानंतरच हप्ता बंद करा. खातं आधी बंद झालं की पत्र स्वीकारलं जाईलच असं नाही, आणि मग मुलाला कळतं ते एवढंच की पत्रं यायची थांबली.